उकंडू वल्द पैकू

सिव्हिल लाइन्स. कलेक्टर कचेरीची रेकॉर्ड रूम.
कूलर नुसता घरघरतो, पाणी कुणी भरत नाही.
भाच्याच्या फाइलीत एक पूर्वज कमी पडतो आहे,
पन्नास सालाआधीचा, सहीशिक्क्याचा.
म्हणून मी तिसऱ्यांदा आले,
आजोबांनी ट्रंकेच्या झाकणाआत लिहून ठेवलेलं
त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन :
उत्तमराव.

उत्तमराव कुठंच नाहीत.
आमच्या खेड्याच्या अख्ख्या कोतवाल बुकात
एकही माणूस राव नाही.

टेंभेकर बाबू चष्मा कपाळावर चढवतात.
"बाई, नाव नका पाहू. बाप पाहा."
बाप म्हणजे पैकू, एवढं माहीत होतं.
मग नाकाडे गुरुजी, पानामागे ऐंशी रुपये घेणारे,
मोडीच्या ओळींवरून बोट खाली खाली आणतात
आणि हजेरी घ्यावी तसं वाचतात :

पैकू. मुलगी. हगवण. दोन वर्षं.
पैकू. मुलगा. ताप. नाव नाही.
पैकू. मुलगा. चार दिवस.
पैकू. मुलगा, जन्म. उकंडू.

गुरुजी पुढच्या पानावर गेले.
मी तिथंच.

उकंडा म्हणजे आमच्याकडे शेणकचऱ्याचा ढीग.
तीन गेल्यावर चौथं त्यावर नेऊन ठेवायचं,
शेजारणीनं उचलायचं, म्हणायचं, मले सापडलं गा,
आणि आईनं सूपभर कण्या देऊन
आपलंच पोर विकत घ्यायचं.
टाकलेल्या वस्तूकडं मरण ढुंकून बघत नाही,
असा त्या दोघींचा हिशेब.
हिशेब बरोबर निघाला.
मी इथं बाकावर बसले आहे, घामानं चिंब.

दुसऱ्या बस्त्यात त्याचं उरलेलं आयुष्य सापडलं :
मोहाचं झाड एक, आंबे दोन, विहीर नाही.
बैल कांजी हाउसात, दंड चार आणे.
पुन्हा तोच बैल, आठ आणे.
बैल असा खोडकर होता तर
मालक त्याला शिव्या काय देत असेल?
ते लिहायची रीत नव्हती.
खाली अंगठा. मधोमध एक आडवी पांढरी रेघ,
विळ्याची असेल.

आजोबांवर राग येत नाही.
पोस्टात नोकरीचा अर्ज भरताना
वडिलांच्या रकान्यात उकिरडा कोण लिहील?
पण सगळं आयुष्य
ते आम्हाला शेणाला हात लावू देत नसत,
गोवरी दिसली तरी नाक मुरडत.
तेव्हा वाटायचं, स्वच्छतेचं वेड.

आता प्रतिज्ञापत्र हवं :
दोन्ही नावांची व्यक्ती एकच.
बाहेर कडुनिंबाखाली टाइपवाला विचारतो,
"आधी कोणतं टाकू? उत्तमराव उर्फ...?"
"उकंडू," मी म्हणते. "उर्फ मागून."

तो हसेल म्हणून तयारीत होते.
त्यानं फडक्यानं की-बोर्ड पुसला.
"आमचे आजे कवडू होते," म्हणाला.
"प्रती दोन काढू की तीन?"