वरीलप्रमाणे

सोसायटीच्या तीन वह्या, एक पेन ड्राइव्ह.
चेअरमन म्हणाले, "सोमवारपर्यंत स्वच्छ यादी दे पोरी,
ओळखपत्रं छापायचीत."
सुभाषनगरात, पत्र्याखाली,
कीबोर्डलाही चामड्याचा वास.

फाईल उघडली तर जुन्या फॉन्टातलं मराठी
पडद्यावर पोचेतो
डॉलर, टोप्या आणि उलटे स्वल्पविराम झालेलं.
कन्व्हर्टरमधून दोनदा काढलं
तेव्हा कुठं व्हटकर व्हटकर दिसले.
पण वाटेत वेलांट्या गळाल्या,
शिवणकामाचं शवणकाम झालं.
मी एकटीच हसले,
मग एकेक वेलांटी हातानं बसवली,
टाका घालतात तशी.

मापांच्या रकान्यात कॅलेंडर शिरलेलं.
सात-आठ लिहिलेलं, त्याचं सात ऑगस्ट.
नऊ-दहाचं नऊ ऑक्टोबर.
कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी,
सगळ्या पायताणांना वाढदिवस मिळाले.
कुणा पैलवानाचं बारा-तेरा
सरळ डिसेंबर दोन हजार तेरात जाऊन बसलं.

दौलू सातपुते चार वेळा:
एकदा आडनाव आधी,
एकदा "मास्तर" लावून,
आणि दोनदा अगदी सारखे,
फक्त एकाच्या शेवटी एक कोरी जागा चिकटलेली.
दिसत नाही,
पण जुळू देत नाही.

चहा यायच्या आत
डुप्लिकेट काढायचं बटण दाबलं.
एकशे त्रेसष्ट ओळी गेल्या.
अंगण झाडल्यासारखं वाटलं.
चहाचा पहिला घोट घेताना बघितलं,
वेणीची मजुरी शून्य.

चामड्याची वेणी कोण घालतं
हे या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वही उघडली. ब्याऐंशी सालचं पान.
नवऱ्याचं नाव: कापणी, तळ, शिलाई.
त्याखाली नावाच्या जागी
दोन बारक्या रेघा,
वर बघा म्हणणाऱ्या.
त्यांच्यापुढं वेणी, गोंडा, साडेतीन रुपये.
पुढच्या ओळीत पुन्हा तशाच.
टायपिंग करणारा प्रामाणिक असावा,
प्रत्येक रेघांच्या जागी
त्यानं वरचं नाव उतरवलं.
मशीनला वाटलं,
एकच गडी दोनदा रांगेत उभा राहिलाय.

कंट्रोल झेड.
त्या परत आल्या,
पण नवऱ्याचंच नाव लावून.

मग एक रिकामा रकाना घेऊन दारोदार फिरले.
"वेणी कोण घालतं?"
"मी घालतो की," बायनाक्का म्हणाली.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात,
घरात मीसुद्धा.
तरी लिंगाच्या रकान्यावर
बोट जरासं अडखळलं.

"नाव?"
"कुठलं? म्हायेरचं,
का तांदळात लिव्हलेलं,
का नातवंडं हाक मारत्यात त्ये?"
"तुम्हाला आवडतं ते."
तिची बोटं थांबली नाहीत.
"ह्ये कुणी इचारलंच न्हाई गं.
थांब जरा. एवढी वेणी होऊ दे."
मी उंबऱ्यावर बसले.
तीन पदर, चार पदर,
वीतभर वेणी पुढं सरकली.
गल्लीत कुणीतरी चामडं कुटत होतं.

सोमवार येऊन गेला.
एकशे त्रेसष्टांपैकी अठ्ठेचाळीस नावं झालीत.
बायनाक्काच्या ओळीत तिन्ही आहेत,
तिसरं तिनं उद्या बदलेन म्हटलंय.
अकरा जणी वारल्या,
सुनांना त्यांची "आत्याबाई" एवढीच ओळख.
त्या पेट्या कोऱ्या ठेवल्यात.
कोरं म्हणजे शून्य नव्हे,
एवढं सॉफ्टवेअरलाही कळतं.

चेअरमनचा फोन,
"झालं का गं साफ?"

"करतो की," मी म्हणाले.