नख

धायरीच्या गॅरेजात भट्टी रात्रभर
बाराशे वीसवर. वीज गेली नाही, नशीब.
सकाळी दार उघडायची घाई केली नाही;
मागे केली होती,
अकरा वाट्या टण् टण् करत गेल्या.

प्रभात रोडच्या बाईंना सहा मग हवेत,
"अगदी सारखे हं."
किती सारखे, ते मी विचारलं नाही.

कुंभारवेशीचे गेनूअण्णा एकदा आले होते.
माझ्या दोन मगांवर नख वाजवून
कान लावून बसले.
"हा बोलतोय.
तो नुसता हो म्हणतोय."

आज सहाही वाजवून पाहिले.
पाच बोलले.
सहाव्यात मी चहा ओतून घेतला.

ऑर्डरच्या वहीवर, बाईंच्या नावाखाली,
ओला गोल
हळूहळू पूर्ण होतोय.