ऐजन

रजिस्टरात रकाने पाच :
नाव, बापाचं नाव, जात, मर्ज, अंजाम.
सेलूच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर,
सन तेराशे त्रेचाळीस फसली, महिना खुर्दाद.
मर्जच्या रकान्यात वर एकदाच लिहितो : नारू.
मग खाली ऐजन. ऐजन. ऐजन.
पान उलटून पुन्हा नारू, पुन्हा ऐजन.

डॉक्टरसाहेब परभणीहून येतात गुरुवारी,
गाडी चुकली नाही तर.
मलम संपून महिना झाला.
बाटल्या धुऊन उपड्या घातल्यात मी,
त्यांच्या बुडांवर धूळ.

लोकांना ठाऊक आहे हे. ते आधी जातात
मसाजी वारकाकडं.
मसाजी पाय मांडीवर घेतो,
फोडावर तांब्यातून गार धार सोडतो, बोलत राहतो
म्हशीबद्दल, जावयाबद्दल.
आणि तुराटीच्या काडीवर गुंडाळतो
माणसाच्या आतून आलेला पांढरा दोरा,
दिवसाला चार बोटं.
"वढू नगंस. तुटला तर आत सडंल."
बिदागी मूठभर तूर, कधी वांगी.
मी शिकलेला; पण ती काडी
माझ्या हातात थरथरते.

एक दुपार रिकामी गेली. रजिस्टर चाळत बसलो.
जात या रकान्यावर बोट ठेवून खाली आलो
आणि मधेच थांबलो.
महारवाड्यातल्या नावांपुढं नारू नाही.
पटकी आहे. हगवण आहे. अंजामात फौत, फौत.
पण नारू शोधून सापडेना.
कोष्टी गल्लीच्या बारवेला अठ्ठावीस पायऱ्या.
ज्यांना पहिल्या पायरीवरही पाय ठेवू दिला नाही
ते नदीच्या वाळूत झिरा उकरतात,
वाटीवाटीनं पाणी भरतात.
आणि जे उतरतात घोट्याएवढ्या पाण्यात, घागर बुडवायला,
त्यांच्याच पायांतून तो पाण्यात सुटतो, घागरीत चढतो.

हे लिहायला रकाना नव्हता.

सफाईचा दरोगा करामत अली हुकूम घेऊन आला :
पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, कप्पी लावा,
पाण्यात लाल दवा टाका.
दवा पडताच बारव जांभळी झाली
आणि बायांनी घागरी आपटल्या.
"ह्ये पानी देवाला कसं चालंल?"
"कोनाड्यातल्या सटवाईला दगडात चिनता का?"
दरोगा घाम पुसत होता. मग त्यानंच
सटवाईला उचलून वर आणायला
गुरवाला चार आणे दिले, स्वतःच्या खिशातले.
रजिस्टरात तेही नाही.

दगडांची पहिली पाटी कुणी उचलेना.
मसाजी पुढं झाला.
मी म्हणालो, "अरे, तुझा धंदा बुडतोय."
तो माझ्याकडं बघेना.
"पोरीच्या गुडघ्यात हाय.
अख्ख्या सेलूचं काढलं म्या.
तिचा काढाया बसलो तर काडीच धरवंना."
आणि पाटी डोक्यावर घेऊन उतरला.

कप्पीचा दोर आठ दिवसांत चोरीला गेला.
दरोग्याची बदली जिंतूरला.
वरच्या दोन पायऱ्या कुणीतरी
रातोरात पुन्हा मोकळ्या केल्या, धुणं आपटायला.
महारवाड्यातली राहीबाई कठड्यापासून दहा हात लांब उभी राहून म्हणाली,
"आता तर पायऱ्या न्हाईत.
दोराला बी इटाळ व्हतो का, इचारा की."
मी विचारलं नाही.

पुढल्या खुर्दादात ऐजन तितकेच.
डॉक्टरसाहेब म्हणाले, साल जावं लागतं,
आत असलेला बाहेर येईस्तोवर.

मसाजी दवाखान्याच्या ओट्यावर बसून
अंबाडीचा नवा दोर वळतो, कप्पीसाठी.
पोरगी शेजारी, पाय लांब करून,
गुडघ्यावर पट्टी. पट्टी मी बांधली.
काडीही मीच धरली, एकवीस दिवस,
तो भिंतीकडं तोंड करून सांगत होता :
हळू. आजच्याला बास.