तुडूम

अंदमानहून आणलेला शंख
बानं डाव्या कानाला लावला.
उजवा कान त्याचा हिशोबात नाही,
मी जन्मले त्या साली तो तुडुमापाशी राहिला.

पिंपळटोल्याचा तलाव, रब्बीचं पाणी,
लाकडी दट्ट्या फुगून अडकलेला,
आणि पारीवरून पाटकरी ओरडतो, "दयाराम, उतर."
म्हणजे लंगोट, अर्धी विडी आणि छातीभर श्वास.
बारा हात खाली, चिखलात, डोळे मिटून
बोटांनी भोक शोधायचं.
पाणी पाटाला लागलं की
सगळे पाटाकडे पळत.
बा एकटा वर येई.

आता लोखंडी चाक बसवलंय. कोणीही फिरवतं.

मला मात्र पाण्यात जायची मनाई होती.
धिवराची पोर आणि पोहता येत नाही,
हे सॉ डेनिसला तीनदा सांगावं लागलं.
(उपकेंद्रातल्या आम्ही तिघी नर्सा,
रजा मिळाली म्हणून गेलो, एवढ्या लांब.)
तो म्हणाला, अच्छा है,
ज्यांना येतं ते हातपाय फार मारतात.

पाठीवर टाकी, कमरेला शिसं,
आमच्या जाळ्याला असतं तसंच,
फक्त इथे जाळं मी.

पहिला धडा: श्वास कधीच धरायचा नाही.
मी म्हटलं, काय?
आमच्याकडे सातबारा नव्हता, श्वास होता.
भावाभावांत बाचा सगळ्यांत लांब,
एवढ्यावर त्याला मुलगी मिळाली.

दुसरा धडा: नाक दाबायचं, तोंड मिटायचं,
हळूच फुंकायचं. दर हातभर खाली,
कान दुखायच्या आधी.
कट् असा आवाज होतो. झालं.

घशातून कानाकडे जाणारी नळी
मी परीक्षेत पाच मार्कांना काढली होती,
भागांना नावं देऊन, पेन्सिलीनं.
घरी कधी सांगितली नाही.

गुडघाभर निळ्या पाण्यात मला रडू आलं.
सॉ डेनिसला वाटलं, घाबरली.
मास्कमध्ये पाणी शिरलं तर कसं काढायचं
ते त्यानं तिथल्या तिथे शिकवलं.

खाली लाह्या फुटत होत्या.
खरंच, कढईत फुटाव्यात तशा, सगळीकडून,
आणि दिसत कोणी नव्हतं.
मग एक हिरवा मासा आला, दात असलेला,
दगड कुरतडत, कोणाला न विचारता.
मी खुशीत अंगठा वर केला
आणि सॉ डेनिसनं मला सरळ वर नेलं.
तिथे अंगठा म्हणजे वर चला.
आमच्याकडे अंगठा म्हणजे
मासेमारी सोसायटीच्या रजिस्टरात बा.

हे सगळं मी त्याच्या डाव्या कानात सांगितलं,
पारीवर बसून, बेशरमाच्या झुडपांशी.
चैतातलं पाणी, मधोमध, थाळीएवढं.
"किती खोल?"
"अठरा हात."
त्यानं बोटं मोजली. सहा हात कमी पडला होता.
"मासोरी का भाव?"
"ती विकत नाहीत बा, बघतात."
यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी नाक दाबून दाखवलं.
सत्तरीचा बा, गाल फुगवून, डोळे वटारून.
आई पदर तोंडाला लावून हसली.
"एवढाच होता?" बा म्हणाला.
"कोनी सांगतलाच नाई."

रात्री वीज गेली. ओसरीवर खाट करकरली.
मला वाटलं खोकला.
बा नाक दाबून फुंकत होता,
थांबत होता,
पुन्हा फुंकत होता,
दर हातभर.