पाण्यात पाहणं

एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात
तीनशे चाळीस पोरांना मी जेवू घातलं.
बिटाचं सार, बटाट्याचे उंडे, शुक्रवारी मासा.
भरलेलं ताट परत आलं तर
मी खिडकीतून नुसती बघायचे,
पोरगं मुकाट जागेवर जाऊन बसायचं.

आणि आता हा. वीतभरही नाही.
पांढऱ्यावर तांब्याचे पट्टे, चोचीसारखं लांब तोंड,
पाठीच्या परावर एक खोटा डोळा,
म्हणजे तोंड फिरवलं तरी
माझ्याकडे बघणं चालूच.

रादेक नॉर्वेला गेला, टाकी माझ्या गळ्यात.
तिकडे तो खाडीतल्या जाळ्यांत सामन पाळतो,
बटण दाबलं की नळीतून दाणा सुटतो,
दीड लाख तोंडं एकदम उघडतात.
मला म्हणाला, आई, एकच तर आहे.

एकच तर आहे.
पहिल्या दिवशी गोठवलेली कोळंबी, भुशाएवढी.
तो जवळ आला, वाकला, हुंगलं
आणि नाक मुरडलं.
देवाने एवढं नाक दिलंय ते वाया का घालवा.
दुसऱ्या दिवशी तीच, लसणाच्या रसात.
मग पांढरे किडे, ओल्या मातीत, ओटच्या पिठावर
मी स्वतः वाढवलेले, ओट्याखाली.
नवरा असता तर घर सोडून गेला असता.
ज्यांना काहीही चालतं
त्या दोन विदूषक माशांची पोटं सुटली.

सातव्या दिवशी त्याच्या पोटाची कड आत गेली,
महिनाअखेरच्या पाकिटासारखी.
रात्री दोनदा उठले.
काचेच्या दोन बाजूंनी आम्ही
एकमेकांना पाण्यात पाहत होतो,
वूचमध्ये, चौथ्या मजल्यावर.
या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि समुद्र तीनशे किलोमीटर लांब.
तो मी दर रविवारी बादलीत ढवळून करते.

मासळीवाल्या झेनोनकडे गेले. शिंपल्या दे, जिवंत.
किती किलो?
एक.
एक किलो?
एक शिंपली.
तिसऱ्या खेपेला त्याने पैसे घेणं सोडलं.
शिंपली उघडून रबराने दगडाला बांधली.
हा तिच्याभोवती फिरला, सरकारी तपासनिसासारखा,
शेरा न देताच निघून गेला.
रात्री खेकड्याने मेजवानी केली.

मग बटाटे सोलताना याग्ना आठवली. दुसरी ब.
वाढलेल्याला शिवायची नाही.
केकमधले बेदाणे मात्र टेबलाखाली बसून
नखाने कोरून कोरून काढायची.
स्वतःला सापडलेलंच तिला गोड लागायचं.
मी ओरडायचे तिला. वाढून ठेवलंय ते दिसत नाही का, म्हणून.
आता चाळिशीची असेल.

हात पुसले.
भोकाभोकांचा मेलेला प्रवाळ घेतला,
एकेका भोकात शिंपलीचा गर
विणायच्या सुईने आत दाबला,
मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला,
बाही खांद्यापर्यंत भिजली,
आणि काही ठेवलंच नाही अशी
पाठ करून ओट्याशी उभी राहिले.
माझ्या पाठीला डोळा नाही, खोटासुद्धा.
सहा बटाटे सोलून झाले. एका माणसाला सहा.

वळले तेव्हा
तो डोळ्यांपर्यंत भोकात शिरला होता,
शेपटी थरथरत होती.
तीन भोकं रिकामी केली.
चौथ्यातलं थुंकलं.
मीठ कमी पडलं असेल, मी म्हणाले.

रादेकला कळवलं नाही.
चाखणं म्हणजे जेवणं नव्हे,
आणि मासा पाणी कधी पितो
हेच जिथे कोणाला कळत नाही
तिथे त्याची भूक मी काय सांगणार.
उद्या पुन्हा. उद्या भोकं बदलून.

नऊला टाकीचा दिवा आपोआप गेला.
बाही वाळली, तिच्यावर
मिठाची पांढरी, वेडीवाकडी रेघ.
बटाटे अजून पातेल्यात आहेत, पाण्यात,
गॅस लावायचा राहिलाय.