एका शब्दाची दुरुस्ती

माझं काम भोंग्याचं. बॅटरी, ॲम्प्लिफायर, दोन माइक,
आणि मंडईच्या रात्री थंडीत तारा जोडत फिरणं.
त्यामुळे कवडू नाकाडेला मी कायम पाठीमागून पाहिलं,
विंगेत उकिडवा, विडी कानामागे,
ओठ नटीच्या ओठांआधी अर्धा श्वास हलणारे.

त्याच्याआधीची तीन लेकरं गेली
म्हणून आईनं त्याला सुईणीला विकला, एका कवडीला,
आणि मापभर लाखोळी देऊन परत घेतला.
"माहा भाव तं जनमतानाच फुटला बावा,"
असं सांगायचा, आणि पैसे मागायला लाजायचा.

सिंदेवाहीच्या राइस मिलमध्ये तो पोती मोजायचा.
लाभ... दोन... तीन...
मोजणाऱ्याचा सूर ठरलेला, हमाल त्यावर पाय उचलतात.
सातव्या पोत्याला एकदा आकड्याच्या जागी ओळ आली.
मालकानं पोतं तुटीत धरलं,
मजुरीतून कापलं.

पुढे अकरा कंपन्या. वडशाहून माणूस यायचा:
"रडायची दोन पायजे, लावणी एक, बुधवारपर्यंत."
कवडू कोंड्याच्या ढिगावर बसून लिहायचा
सिमेंटच्या पिशवीच्या आतल्या बाजूला.
पन्नास रुपये गाणं, नंतर शंभर.
रडायच्याला दहा जास्त.

शंकरपटाच्या रात्री कुमुदिनीबाईचा गळा बसला.
मी माइकची तार विंगेत ओढली.
बाई उजेडात ओठ हलवत होती,
कवडू अंधारात गात होता,
बायकी नाही, पुरुषी नाही,
तहान लागलेल्या माणसाच्या आवाजात.
वन्समोअर तीनदा.
शंभराची नोट बाईच्या पदराला टाचली कोणीतरी.
कवडूला मी चहा दिला. कपाला बशी नव्हती.

मग बायकोचे गोठ मोडून नागपुरात कॅसेट केली.
आठ गाणी, स्वतःची, स्वतःच्या गळ्यात.
छापणाऱ्यानं एक अक्षर खाल्लं.
गायक, गीतकार, संगीतकार: कडू नाकाडे.
पाचशे प्रती. खपल्या एकसष्ट,
त्यातल्या नऊ मी घेतल्या.

उरलेल्यांची फीत त्यानं उसवली
आणि बांधीच्या चारी अंगांना काठ्या रोवून ताणली,
कापणीआधी पोपट उतरू नयेत म्हणून.
वारा आला की धानावर ती घोंघावायची.
आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. मी काही बोललो नाही.
तोच म्हणाला, "आयक. दुसरं गानं लागलं."

त्याचं एक गाणं सगळ्यांना येतं,
वरातीच्या बँडला, शाळेतल्या पोरींना,
ज्याच्याखाली कुठेच त्याचं नाव नाही:
दिवा लाव गं दारी, मी निघालो आहे.

बावीस वर्षांनी, मार्गशीर्षात,
चौदा किलोमीटर सायकल हाणत तो माझ्याकडे आला.
पाणीही घेतलं नाही.
"चुकलं माहं. लाव नाही. ठेव.
दिवा ठेव गं दारी.
लावाले काय लागते? एक काडी.
ठेवाले रातभर जागा लागते."
म्हटलं, आता कोणाकोणाला सांगशील, कवडू?
"तुह्याकडं भोंगा हाये ना."

सांगितलं मी. मध्यंतरात,
हरवलेल्या चपलेच्या सूचनेनंतर, लकी ड्रॉच्या आधी.
लोक शेंगा सोलत होते.

तो गेला त्याला चार हंगाम झाले.
मंडईत अजून ती ओळ येते.
नवी पोरगी, गळा चांगला, गाते: लाव.
त्या एका शब्दाला मी बटन खाली घेतो,
तोंडातल्या तोंडात ठेव म्हणतो,
मग लगेच वर.
कोणाच्या ध्यानात येत नाही.
एक शेंगावाला तेवढा दरवेळी वळून पाहतो,
म्हणतो, "तुही मशीन बिघडली वाटते."