गाठी

दोन पाकिटं होती, दिसायला जुळी.
आत काळी भुकटी, राखेहून जरा ओलसर.
एक वुम्पिनीनं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं,
ते मी रांजणाच्या बुडाशी, गार मातीत पुरलं.
दुसरं माझ्या दिराच्या, नाइंदोच्या मोटरसायकलला लटकत
सावेलुगुच्या बाजारातून आलं,
अर्धा दिवस उन्हात,
कारण वाटेत त्याला कुणाचं तरी बारसं जेवायचं होतं.

"यात जीव आहेत," वुम्पिनी म्हणाली होती,
"एका चिमटीत इतके, की अख्ख्या तामालेत तेवढी माणसं नसतील.
ऊन लागलं की मरतात.
मेले तरी रंग बदलत नाही."

शियाच्या झाडाखाली बसून आम्ही बी माखलं.
सामातानं पाण्यात साखर विरघळवली,
पोरांनी बोटं बुडवली, फटके खाल्ले, पुन्हा बुडवली.
सोयाबीनचे पिवळे दाणे तसराळ्यात घोळता घोळता
काजळ घातल्यासारखे झाले.
मग घाई. सुकवायचं, पण सावलीतच,
आणि दिवस मावळायच्या आत मातीत.
रस्त्याकडच्या ओळींत दिराचं पाकीट,
झाडांमागे, उतारावर, रांजणातलं.

खताचं माप म्हणजे बाटलीचं झाकण.
स्फुरदाचे करडे दाणे
बियाच्या शेजारी, बियाला न शिवता,
नव्या शेजारणीनं अंतर राखून बसावं तसे.
"आणि युरिया?" सामातानं विचारलं.
"अजिबात नको.
आयतं मिळालं की हे कामाला हात लावत नाहीत."
सामाता एका माणसाचं नाव घेऊन इतकी हसली
की तसराळं कलंडलं.
नाव इथं सांगत नाही.

जमीन नाइंदोची.
मला दिली ती कोनफळानं पिळून, मक्यानं चोथा करून,
जांभळ्या फुलांचं ते देखणं तण
तिच्या उरावर बसल्यावर.
बाईला जमीन मिळते ती अशीच,
सगळ्यांचं जेवण झाल्यावर ताटात उरलेल्या हाडासारखी.
आणि बाईनं तिला अंगावर धरलं, बाळसं आणलं,
की मालकाला आठवतं, ती कुणाची.

फुलं आली तेव्हा दोन्हीकडचं एकेक झाड काढलं.
उपटलं नाही, खणून काढलं,
बादलीत हळूच हलवून धुतलं.
उताराकडच्या मुळाला गाठीच गाठी.
एक नखानं चिरली.
आत गुलाबी,
दात येण्याआधीच्या हिरडीसारखी.
रस्त्याकडचं मूळ धुतलं,
तर नुसतं मूळ.

मुळावर उठलेले मी पुष्कळ पाहिलेत.
मुळाशी बसून, हवेतलं ओढून घेऊन
मुकाट्यानं घास भरवणारे हे पहिलेच.
गाठीला काही असणं म्हणजे काय,
ते मला त्या बादलीत कळलं.

आठवड्यानं नाइंदो आला. रस्त्यावरच थांबला.
गाडी बंद केली नाही.
"पुढच्या साली इथं मका घालीन म्हणतो."
मी काही बोलले नाही.
त्याच्या पायाजवळचं पिवळट झाड खणलं,
माती झटकली, त्याच्या हातात दिलं.
त्यानं ते उलटंसुलटं केलं,
मूळ बोटांतून ओढून पाहिलं,
आणि असं टाकलं, जसं काही हात भाजला.
"हिच्यात काही उरलं नाही.
कर तूच, अजून दोन-तीन वर्षं."
"तुमच्याच कृपेनं," मी म्हटलं.
आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.
मग झाडांमागे गेले,
जिथं पानं इतकी गर्द की काळपट दिसतात,
आणि सामाता तोंडात पदर कोंबून
केव्हाची बसली होती.

पुढच्या वर्षी पाकीट मी स्वतः आणीन,
पहाटे, ओल्या फडक्यात, पोटाशी धरून.
एक मात्र त्याला सांगेन आणायला.